देवघेव खिडकीवरच्या विद्यार्थ्याला आधी काम शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पुस्तक परत केलं होतं, तरी माझ्या नावावर कसं?’ विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेव खिडकीवर सर्वांत जास्त वाद या एका प्रश्नावरून होतात. परीक्षा संपलेली असते, ‘नो ड्यूज’चा दाखला हवा असतो, गावाकडची गाडी संध्याकाळची असते आणि पडद्यावर एक पुस्तक व त्यावर चार महिन्यांचा दंड दिसत असतो. खिडकीआड बसलेली असते ‘कमवा व शिका’ योजनेतली दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिच्या हातात स्कॅनर दिलेला आहे, पण असे झाले तर काय करायचे हे तिला कोणी सांगितलेले नाही. ‘कॉम्प्युटरमध्ये दिसतंय’ एवढेच ती म्हणू शकते आणि शब्दाला शब्द वाढतो. नव्या शैक्षणिक वर्षात ठिकठिकाणच्या विद्यापीठांत अशी नवी मुले या खिडक्यांवर बसतील. बसवण्याआधी त्यांना दोन दिवस नीट काम शिकवा, हे सांगण्यासाठी हे पत्र. काय शिकवायचे तेही तपशिलाने लिहीत आहोत, कारण ‘प्रशिक्षण द्या’ असे मोघम म्हटले की तासाभराच्या भाषणावर भागवले जाते.

वरच्या वादाचेच पाहू. परत आलेले पुस्तक नावावरून उतरत नाही, याची कारणे मोजकी आहेत आणि ती सगळी खिडकीवरच घडतात. बारकोड स्कॅनर हा संगणकाच्या दृष्टीने नुसता एक कीबोर्ड असतो. चिठ्ठीवरचे अंक तो ‘टाइप’ करतो आणि शेवटी एंटर दाबतो. कर्सर जिथे असेल तिथे ते अंक जातात. ‘टिक’ असा आवाज आला म्हणजे स्कॅनरने चिठ्ठी वाचली, पुस्तक जमा झाले असे नाही. बऱ्याच ठिकाणी आता देवघेवीच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘कोहा’ किंवा ‘सोल’ या संगणक प्रणाली आहेत. कोहात आधीच्या वाचकाचे पान उघडे राहिले आणि पुढच्याने परत आणलेले पुस्तक तिथेच स्कॅन केले, तर ‘हे दुसऱ्याच्या नावावर आहे, तिथून उतरवून इथे चढवायचे का?’ अशा अर्थाचा प्रश्न येतो. रांग लांब असते, घाईत ‘हो’ दाबले जाते आणि एकाचे पुस्तक दुसऱ्याच्याच नावावर चढते. मराठी नोंदी करायला बसलेल्या कोणी कीबोर्ड मराठीत ठेवून दिला असेल, तर बारकोडमधली इंग्रजी अक्षरे देवनागरीत उमटतात आणि ‘असे पुस्तक नाही’ असे उत्तर येते. यावर शिकवायचे ते एवढेच: परत घेताना आधी ‘परत’चे पान उघडा, स्कॅन करा, पडद्यावर पुस्तकाचे नाव आले की ते हातातल्या पुस्तकाशी ताडून पाहा आणि मगच पुस्तक ट्रॉलीवर ठेवा. वाचकाला नाव मोठ्याने वाचून दाखवले तर आणखी चांगले. ‘हे नावावर नव्हतेच’ असा संदेश आला, तर दुर्लक्ष करून पुस्तक ठेवून देऊ नये. आधी कुठेतरी चूक झालेली आहे, ती त्याच दिवशी कर्मचाऱ्याला दाखवावी.

आणि वाद उभाच राहिला, तर पहिली पायरी बोलण्याची नाही, चालण्याची. कॉल नंबर (पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा क्रमांक) लिहून घेऊन कोणीतरी लगेच रॅकपाशी जायचे. ठरलेली जागा, तिच्या दोन्ही बाजूंची हातभर पुस्तके, वरचा आणि खालचा कप्पा, मग परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली. न नोंदवताच रॅकवर गेलेले पुस्तक बहुतेक वेळा आपल्या जागीच उभे असते. सापडले तर उतरवून घ्यावे आणि दंड कमी करण्यासाठी कर्मचाऱ्याकडे द्यावे. सापडले नाही, तर ‘परत केल्याचा दावा’ अशी नोंद कोहात ठेवता येते. ती ठेवून आठवड्याने पुन्हा शोधावे.

जिथे आरएफआयडी, म्हणजे पुस्तकात चिकटवलेली आणि रेडिओ लहरींनी वाचली जाणारी चिप, आले आहे तिथे चुका कमी होतील अशी अपेक्षा होती. चुका वेगळ्या झाल्या. टेबलावरची चौकोनी पाटी पुस्तकातल्या चिप्स न पाहता वाचते, त्यामुळे शेजारी कडेला ठेवलेले तिसऱ्याच माणसाचे पुस्तकही ती वाचते आणि समोरच्या विद्यार्थ्याच्या नावावर चढवते. म्हणून पाटीच्या भोवती हातभर जागा कायम मोकळी हवी. तिथे परतीचा गठ्ठा नको आणि खिडकीवर बसणाऱ्याचे स्वतःचे पुस्तकही नको. उलट बाजूने, सारख्या आकाराची चार पातळ पुस्तके एकावर एक ठेवली आणि सगळ्यांत चिप एकाच कोपऱ्यात चिकटवलेली असली, तर चिप्स बरोबर एकमेकींवर येतात आणि एखादी वाचली जात नाही. चमकत्या धातूच्या मुलाम्याच्या वेष्टनाचेही तसेच. गठ्ठा पत्त्यांसारखा थोडा पसरवला की काम होते. पण सर्वांत खात्रीचा उपाय मोजण्याचा आहे: हातात चार पुस्तके, तर पडद्यावर चार ओळी. तीन असल्या तर थांबायचे.

दारातल्या फाटकाची घंटा वाजते तीही बऱ्याचदा यामुळेच. पुस्तक नावावर चढले, पण त्यातली सुरक्षा खूण बंद झाली नाही. अशा खोट्या घंटा दिवसातून पाच-सहा वाजल्या की कोणी कोणाला थांबवत नाही आणि खऱ्या घंटेचाही उपयोग उरत नाही. सकाळी उघडताना एक न नोंदवलेले पुस्तक घेऊन फाटकातून स्वतः जाऊन पाहावे. घंटा वाजली तर वाचकाला ‘पुस्तकं एकदा काउंटरवर ठेवता का, खूण राहिली असेल’ असे म्हणावे. दप्तराला विद्यार्थी सहायकाने हात लावू नये. ते काम सुरक्षारक्षकाचे किंवा कायम कर्मचाऱ्याचे आहे, आणि हे सहायकाला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

सकाळच्या कामांचा क्रमही शिकवण्यासारखा आहे. जिथे अजून तारखेची चिठ्ठी आणि रबरी शिक्का आहे, तिथे सर्वांत आधी शिक्का फिरवायचा. कालच्या तारखेने मारलेले शिक्के पंधरा दिवसांनी दंडाच्या भांडणात उगवतात. मग रात्रीची परतपेटी रिकामी करायची. पेटीतली पुस्तके नेहमीच्या पद्धतीने उतरवली, तर शनिवारी संध्याकाळी टाकलेले पुस्तक सोमवारी आले असे धरले जाते आणि दंड लागतो. कोहात यासाठी परतपेटीचा वेगळा पर्याय आहे. तो लावला की परतीची तारीख मागच्या कामाच्या दिवसाची धरली जाते. पेटी संपली की तो पर्याय आठवणीने काढायचा, नाहीतर दिवसभर उशिरा आलेली पुस्तकेही वेळेवर आली असे दिसत राहते. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या कॅलेंडरमध्ये भरणे हे कर्मचाऱ्याचे काम असले, तरी त्या भरल्या नसल्याचे पहिल्यांदा खिडकीवरच कळते. सुट्टीच्या दिवशीची परतीची तारीख दिसली की सहायकाने ती सांगितली पाहिजे.

वीज किंवा नेट गेले की काय करायचे, हे तर आधीच ठरलेले हवे. एका कागदावर चार रकाने: वेळ, ओळखपत्राचा क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक (ग्रंथालयात नोंदवताना प्रत्येक प्रतीला दिलेला), दिले की घेतले. नावे लिहीत बसू नये, आकडे स्पष्ट लिहावेत. यंत्रणा परत आली की ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने भरायचे. 11 वाजता परत आलेले पुस्तक 11:30 ला दुसऱ्याने नेले असेल आणि नोंदी उलट्या भरल्या, तर पुस्तक ग्रंथालयात आहे असे दिसेल आणि पुढचा महिनाभर लोक ते रॅकवर शोधत राहतील.

रॅकवर पुस्तके लावण्याचे काम हलके समजून नव्या मुलांना सर्वांत आधी दिले जाते. खरे तर ग्रंथालयाचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते, कारण चुकीच्या जागी लागलेले पुस्तक हरवल्यातच जमा. विषयांना आकडे देऊन पुस्तके लावण्याच्या ड्युई पद्धतीत मराठी साहित्याचा अंक 891.46. त्यात कविता 891.461, नाटक 891.462, कथा-कादंबरी 891.463 आणि मराठी साहित्याचा इतिहास 891.4609. नव्या मुलाला 4609 हा आकडा 461 पेक्षा मोठा वाटतो आणि तो साहित्याचा इतिहास कादंबऱ्यांच्याही पुढे नेऊन ठेवतो. हा दशांश आहे, घर क्रमांक नव्हे. बिंदूनंतरचा एकेक अंक डावीकडून ताडायचा: 4 ला 4, 6 ला 6, मग 0 आणि 1. शून्य आधी, म्हणून 891.4609 कवितेच्याही आधी येते. वीस चिठ्ठ्या कापून मुलांना क्रमाने लावायला दिल्या तर अर्ध्या तासात हे डोक्यात बसते. न शिकवता सोडले तर वर्षभर बसत नाही.

मराठी पुस्तकांची आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे कोणी फारसे पाहिलेले नाही. आडनावाच्या अक्षरांनी लावताना ‘क्षीरसागर’ कुठे जातात? आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात, म्हणजे क्षीरसागर सर्वांत शेवटी. पण संगणकाने युनिकोडच्या (संगणकात अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या) साध्या क्रमाने यादी काढली तर क्ष हा क आणि ष यांचा जोड धरला जातो आणि क्षीरसागर ‘क’मध्ये येतात. ळ सुद्धा ल आणि व यांच्या मध्ये जातो. एका मजल्यावर एक पद्धत, दुसऱ्यावर दुसरी असे चालत राहते. कुठलीही एक ठरवा, पण रॅकच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

शोधपेटीत मराठी शब्द टाकतानाही हीच गत. ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’ संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘किनाऱ्या’तला ऱ्या दोन निरनिराळ्या पद्धतींनी टंकता येतो, कागदावर अगदी सारखा दिसतो आणि शोधात जुळत नाही. जुन्या नोंदी युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधून आलेल्या असतील तर त्या वाचताही येत नाहीत. काही ठिकाणी मराठी नावे रोमन लिपीत भरलेली असतात. म्हणून एकदा शोधून ‘नाही’ आले की थांबायचे नाही. अनुस्वार किंवा जोडाक्षर नसलेला एकच शब्द घालून पाहायचा, मग लेखकाचे आडनाव, मग रोमन लिपीत.

कारण ‘नाही’ या उत्तराचे फार अर्थ होतात. पुस्तक कोणाच्या तरी नावावर असेल, बांधणीला गेले असेल, संदर्भ विभागात असेल, कुठल्या विभागाच्या छोट्या ग्रंथालयात असेल, अभ्यासिकेच्या टेबलावर उघडे पडलेले असेल, नाहीतर अजून ट्रॉलीवरच असेल. वाचक मात्र एकच अर्थ घेतो आणि पुन्हा येत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे आहे ‘वाचकाचा वेळ वाचवा’. खिडकीवर त्याचा अर्थ असा की ‘नाही’ म्हणण्याआधी नेमके कुठे आहे ते पाहायचे, दुसऱ्याकडे असेल तर राखून ठेवण्याची नोंद करून द्यायची आणि साधारण कधी मिळेल ती तारीख सांगायची. ‘माझ्या विषयावर काय मिळेल?’ असे विचारणाऱ्याला मात्र सहायकाने स्वतः उत्तर देऊ नये. त्याला ग्रंथपालांकडे न्यावे, नुसते बोट दाखवून पाठवू नये. पीएच.डी.चे प्रबंध हवे असतील तर इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राचे ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे संकेतस्थळ उघडून द्यावे, एवढे त्याला येत असले की पुरे.

‘ते पुस्तक कोणाकडे आहे? मी त्याच्याकडून घेतो’ ही विनंती रोजची आणि वरकरणी साधी. तिला उत्तर द्यायचे नाही, ओळखीच्यालासुद्धा नाही. कोण काय वाचते, कोणाचा फोन कोणता, वसतिगृहाची खोली कोणती हे सगळे त्या पडद्यावर असते. एखाद्या मुलीची माहिती अशी बाहेर गेली तर तिचा त्रास किती दिवस चालेल याचा अंदाज खिडकीवर बसलेल्याला येत नाही, कारण त्याला तो कोणी दिलेला नसतो. पडदा वाचकाच्या बाजूने दिसणार नाही असा वळवावा. जागेवरून उठताना प्रणाली बंद करावी, मग पाणी प्यायलाच का जायचे असेना. मैत्रिणीचे खाते ‘जरा बघून सांग’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचे तेही आधीच सांगून ठेवावे: ‘तिला स्वतःला येऊ दे.’

पावसाळ्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण नवी मुले नेमकी जून-जुलैत येतात. भिजलेले पुस्तक परत आले की ते परतपेटीत किंवा गठ्ठ्यात जाता कामा नये. शेजारची चार पुस्तके ओली होतात. ते वेगळे उभे ठेवावे, पाने पंख्यासारखी थोडी उघडावीत आणि दर दहा-पंधरा पानांमागे कोरा पांढरा कागद घालावा. वर्तमानपत्र घालू नये, शाई उतरते. गुळगुळीत चकचकीत कागदाची पाने मात्र एकेक सोडवून लगेच मध्ये कागद घालावे लागतात. एकदा चिकटून वाळली की ती पुन्हा सुटत नाहीत. उन्हात किंवा इस्त्रीने वाळवू नये, पुठ्ठा वाकतो. पंख्याखाली ठेवावे आणि कागद ओले झाले की बदलावेत. दोन दिवसांच्या आत हे झाले नाही तर बुरशी धरते, आणि बुरशीचे पुस्तक रॅकवर गेले तर शेजारच्यांनाही धोका. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नये. तिचा चिकट डाग पिवळा पडून कागद खातो. पान आत ठेवून पुस्तक बांधणीच्या कपाटात जावे.

पुस्तक परत घेताना ते एकदा चाळून पाहायचे तेही याचसाठी. नकाशे, आलेख, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका असलेली पाने कापलेली असतात. वाचक समोर असताना दिसले तर बोलता येते. तो गेल्यावर दिसले तर पुढच्या निरपराध वाचकावर येते.

पैशांचे नियम थोडेच, पण कडक हवेत. दंड रोज रुपया असो की दोन, पावतीशिवाय घ्यायचा नाही. यूपीआयने भरला असेल तर वाचकाच्या फोनवरचा फोटो हा पुरावा नव्हे. ग्रंथालयाच्या खात्यात जमा झाल्याचे दिसले पाहिजे. पाळी बदलताना दोघांनी मिळून पेटी मोजायची आणि आकडा वहीत लिहून दोघांनी सही करायची. दंड माफ करण्याचा अधिकार सहायकाला देऊ नये. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. समोर त्याचेच वर्गमित्र उभे असतात आणि ‘नाही’ म्हणण्याचे ओझे त्याच्यावर टाकणे बरे नव्हे.

याच कारणासाठी आमचा सर्वांत मोठा आग्रह स्वतंत्र लॉगिनचा आहे. अनेक ठिकाणी काउंटरला एकच पासवर्ड असतो, तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो आणि त्यावर सगळे काम करतात. मग कोणाच्या हातून काय झाले ते कळत नाही आणि संशय सर्वांत नव्या विद्यार्थ्यावर येतो. कोहात प्रत्येकाला वेगळे खाते आणि मोजके अधिकार देता येतात: देणे, घेणे, मुदत वाढवणे, राखून ठेवणे, एवढेच. याला जास्तीचा खर्च नाही. वर्ष संपले की त्याच दिवशी ते खाते बंद करावे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रमाला शिक्षणाशी जोडले. ‘कमवा व शिका’ त्या परंपरेतून आलेली योजना आहे. ग्रंथालयात अनेक कायम पदे रिकामी असताना या मुलांच्या हातांवर संध्याकाळच्या पाळ्या चालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा दोन सकाळी, तीन-तीन तास द्यावेत. पहिल्या दिवशी चिठ्ठ्या लावणे, रॅक आणि ओले पुस्तक. दुसऱ्या दिवशी प्रणाली, तीही खोट्या खात्यांवर सराव करून, त्यात मुद्दाम चुका घडवून. त्यानंतर आठवडाभर एका अनुभवी कर्मचाऱ्याच्या शेजारी बसवावे, एकटे नव्हे. काउंटरच्या काचेखाली एक पान ठेवावे: कोणत्या प्रसंगी कोणाला बोलवायचे, त्याचा अंतर्गत क्रमांक आणि रात्रीच्या पाळीला जबाबदार कोण.

परीक्षेच्या काळात अभ्यासिका सर्वांत भरलेली असते, पण सहायकाचीही परीक्षा तेव्हाच असते. त्याचे वेळापत्रक महिनाभर आधी मागून घेऊन पाळ्या लावाव्यात. कामाच्या तासांची नोंद रोजच्या रोज सही करून व्हावी, महिनाअखेरीस आठवून नव्हे, आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवण्याची मुलांना मुभा असावी. मानधन पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिळाले पाहिजे. मेसचे पैसे त्याच आठवड्यात भरावे लागतात.

आपले,
विद्यापीठ ग्रंथालयांच्या देवघेव विभागांत काम करणारे काही कर्मचारी